‘पे’, ‘बे’ आणि तीनशे कार्डं: सोमाली कामगारांसाठीचा इंग्रजी शब्दसंच

अमेरिकेत सोमाली लोकांची सर्वांत मोठी वस्ती मिनेसोटात आहे. मिनियापोलिसच्या सीडर-रिव्हरसाइड भागात किंवा सेंट क्लाउडमध्ये प्रौढांना इंग्रजी शिकवायला जाणाऱ्या मराठी मंडळींच्या हाती लवकरच एक वस्तू येते: कामाच्या ठिकाणी लागणाऱ्या इंग्रजी शब्दांचा, सोमाली अर्थासकट बनवलेला कार्डसंच. एका बाजूला चित्र आणि इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला सोमाली. तोच संच फोनवरही चालतो, तिथे शब्द ऐकूही येतो. साधारण तीनशे कार्डं, फुकट, छापायचा खर्च आपला. मुद्दाम नाव देत नाही, कारण या साच्याचे संच बरेच फिरतात, एकमेकांतून उतरवलेले असतात आणि त्यांतल्या चुकाही मावसभावंडांसारख्या एकाच चेहऱ्याच्या असतात. इथे लिहिलेलं बहुतेकांना लागू पडेल.

आधी निकाल सांगतो: पाचपैकी तीन. वस्तूंची नावं शिकवायला उत्तम, सुरक्षेच्या पाट्यांना त्याहून उत्तम, पगार आणि हक्कांच्या शब्दांना धोकादायक. उच्चाराच्या बाबतीत तर संच बनवणाऱ्याने शिकणारा सोमाली आहे याचा विचारच केलेला नाही. हाच संच स्पॅनिश बोलणाऱ्यांना दिला तरी कार्डाची पुढची बाजू बदलावी लागणार नाही. खरी उणीव ती.

सोमालीत ‘प’ नाही. ‘व्ह’ नाही, ‘झ’ही नाही. पोलिसाला ते ‘बोलिस’ म्हणतात, व्हिसाला ‘फीसो’. आता वेअरहाऊसमधले शब्द आठवा: पॅलेट, पॅक, पिक, पिन, पुल, पुश, पे. अर्ध्या कामाच्या सुरुवातीलाच हा न सापडणारा ‘प’ बसलेला. ‘पॅक’चं ‘बॅक’ होतं, ‘पिन’चं ‘बिन’ होतं, आणि वेअरहाऊसमध्ये ‘बिन’ हा स्वतंत्र, रोजचा शब्द आहे. सगळ्यांत महागात पडणारी जोडी ‘पे’ आणि ‘बे’. ‘बे’ म्हणजे ट्रक लागतो ती जागा. ‘माय पे इज राँग’ असं सांगायला गेलेल्या माणसाचं ‘माय बे इज राँग’ ऐकू आलं, तर सुपरवायझर त्याला पगाराच्या खिडकीऐवजी डॉककडे पाठवणार. संचात ‘पे’चं कार्ड ‘पैसे’ या गटात आहे, ‘बे’चं कार्ड ‘जागा’ या गटात. दोन्ही शेजारीशेजारी कुठेच येत नाहीत, त्यामुळे गोंधळ आहे हे शिकणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

इथे मराठी शिक्षकाने स्वतःकडेही बघावं. आपला ‘प’ कोरडा असतो, ओठ उघडताना हवा सुटत नाही. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ हवेच्या झोतासकट येतो. म्हणून आपण ‘पे’ म्हटलं तरी अमेरिकन कानाला ते ‘बे’च्या बाजूला झुकलेलं वाटतं. म्हणजे शिकणाऱ्याकडे ‘प’ नाही आणि शिकवणाऱ्याकडे चुकीचा ‘प’ आहे, अशी गंमत. उपाय सोपा. वहीच्या कागदाची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी कापा, ओठांपासून दोन बोटं लांब धरा. ‘बे’ म्हणताना पट्टी हलू नये, ‘पे’ म्हणताना फडकली पाहिजे. आपल्याला जमायला ‘फळ’ हा शब्द ओठ पूर्ण मिटून, जुन्या माणसांसारखा म्हणून बघा. तो ‘फ’ इंग्रजी ‘प’च्या बराच जवळ आहे. मात्र ओठ दातांना लागू देऊ नका. सोमालीत दात लावून काढायचा ‘फ’ आहे, आणि शिकणारा लगेच त्या ओळखीच्या खुंटीवर शब्द टांगतो: ‘पे’चं ‘फे’ होतं.

उलट ‘स्पिल’मध्ये जीव घालवू नका. शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर नको असल्यामुळे आधी ‘इ’ लागते. शाळेला सोमालीतही ‘इस्कूल’च म्हणतात, आपल्या गावाकडे म्हणतात तसंच. पण ‘इस्पिल’ म्हटलं तरी फरशी पुसायला माणूस धावतो. शिवाय ‘स’नंतरच्या ‘प’ला इंग्रजीतही हवेचा झोत नसतो, त्यामुळे तिथे ‘ब’ आला तरी कान खटकत नाही. संचातल्या ध्वनिफितीत नेमके असे शब्द तीन-तीनदा घोटून घेतले आहेत आणि ‘पे’ एकदाच येतो.

शब्दाच्या शेवटी ‘म’ हीही एक गाठ आहे. सोमालीत शब्दाच्या शेवटचा ‘म’ ‘न’ होतो. आपलं ‘कलम’ अरबीतून त्यांच्याकडेही गेलं, पण तिथे ते ‘कलिन’ झालं. अनेकवचन केलं की लपलेला ‘म’ परत येतो: ‘कलिमो’. म्हणजे पुढे स्वर आला की ‘म’ जमतो. हे कळलं की ‘टाइम’, ‘टीम’, ‘फॉर्म’, ‘युनिफॉर्म’ सुटे शिकवायचे नाहीत. ‘टाइम’चं ‘टाइन’ होईल. पण ‘टाइम ऑफ’ एका दमात ‘टाय-मॉफ’ असं म्हणवून घेतलं तर पहिल्याच दिवशी बरोबर येतं. शेवटच्या ‘क’ आणि ‘ट’लाही हीच युक्ती: ‘ब्रेक ॲट टेन’ म्हणताना ‘ब्रे-कॅट’. कार्डावर मात्र शब्द एकेकटेच छापलेले आहेत. पेनने पुढचा शब्द जोडा, काम झालं.

अक्षरांचा घोळ वेगळाच. सोमाली भाषेला 1972 साली अधिकृत रोमन लिपी मिळाली, आणि तिच्यात एक्स हे अक्षर घशातून खोल काढायच्या ‘ह’साठी, तर सी हे अक्षर अरबीतल्या ‘ऐन’ या घशातल्या आवाजासाठी ठेवलं गेलं. त्यामुळे सोमाली वाचता येणारा माणूस ‘बॉक्स’, ‘टॅक्स’, ‘एक्झिट’ यांच्यातल्या एक्सशी आणि ‘कार्ट’, ‘कोड’ यांच्यातल्या सीशी पहिले काही आठवडे अडखळतो. तो निरक्षर नाही. उलट चांगला साक्षर आहे म्हणूनच अडखळतो. ‘एक्झिट’ ही जिवाशी खेळणारी पाटी आहे, तेव्हा एक्स आणि सी असलेली कार्डं बाजूला काढून पहिल्याच आठवड्यात संपवा. आपल्याला एक फायदा आहे. सोमालीत डीएच ही जोडी लिहितात तो आवाज आपल्या ‘ड’च्या अगदी जवळचा. जखमेला ‘डावअ’ म्हणतात, तो शब्द गोरा शिक्षक ‘द’ने म्हणतो, आपण पहिल्या फटक्यात बरोबर म्हणतो.

दुसरी गोष्ट, संच आणण्याआधी तपासायची: मागच्या बाजूचं सोमाली वाचता तरी येतं का? लिपी आल्यावर 1974 मध्ये खेड्यापाड्यांत साक्षरतेची मोठी मोहीम झाली, पण 1991 मध्ये सरकारच कोसळलं आणि त्यानंतर अनेकांच्या वाट्याला शाळा आली नाही. चाळिशीतला हुशार कामगार कार्ड उलटून त्याच्याकडे नुसता बघत बसतो, तेव्हा त्याला इंग्रजी येत नाही असं नसतं, सोमाली वाचता येत नसतं. शिवाय काही जण ‘माय’ नावाची दक्षिण सोमालियातली भाषा बोलतात. छापील सोमाली ती नव्हे, आणि दोन्हींत समजुतीचा फरक मोठा आहे. अशा वेळी मागची बाजू विसरा, फोनवरचा आवाज आणि चित्र एवढंच वापरा. या संचात इंग्रजीचा आवाज आहे, सोमालीचा नाही. एक गुण तिथे कापला.

आता मागच्या बाजूकडे. वस्तूंची भाषांतरं चोख आहेत, आणि मराठी वाचकाला तर मजा येते: साबण ‘साबून’, पेटी ‘संदूक’, धोका ‘खतर’, हिशेब ‘हिसाब’. अरबीची ही शिदोरी दोघांकडेही आली. पण ओळखीचा शब्द दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. ‘बेनिफिट्स’च्या मागे जो शब्द आहे तो आपला ‘फायदा’च, सोमाली वळणाचा. फायदा म्हणजे नफा, लाभ, अगदी व्याजसुद्धा. नोकरीच्या कागदावर ‘बेनिफिट्स’ म्हणजे आरोग्य विमा, पगारी रजा, निवृत्तीची तरतूद. ‘डू यू वाँट टू एन्रोल इन बेनिफिट्स?’ हा प्रश्न ‘तुम्हाला नफा हवा का?’ असा पोहोचला, आणि त्यात व्याजाचा वास आला तर धर्माने व्याज वर्ज्य मानणारा माणूस नको म्हणून मोकळा होईल. विम्याची नावनोंदणी ठरावीक मुदतीतच होते. एकदा नको म्हटलं की बहुधा पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागतं.

‘ब्रेक’चं कार्ड बघा. चित्रात कॉफीचा कप, मागे ‘जेबी’. ‘जेबी’ म्हणजे मोडणे, फोडणे. हवा होता ‘नसशो’, विश्रांती. कुणीतरी यंत्राकडून भाषांतर घेतलं आणि चित्राकडे बघितलंच नाही. हे निदान हसण्यावारी जातं. ‘अकॉमोडेशन’चं जात नाही. त्याच्या मागे ‘होय’ आहे. आपल्या होकारासारखा दिसणारा हा शब्द म्हणजे निवारा, घर. अमेरिकेत कामाच्या ठिकाणी ‘अकॉमोडेशन’ म्हणजे धर्म, गरोदरपण किंवा अपंगत्व यांसाठी मालकाने कामात करून द्यायची सोय. 1964 च्या नागरी हक्क कायद्याखाली धार्मिक सोय मागता येते: नमाजाची वेळ, हिजाब, रमजानमध्ये पाळी बदलून घेणं. मिनेसोटाच्या गोदामांत आणि मांसाच्या कारखान्यांत याच गोष्टींवरून वाद झाले आहेत. ज्या शब्दाने हक्क मागायचा त्याच शब्दाचा अर्थ ‘राहायची जागा’ असा शिकवणं म्हणजे कुलपाची किल्ली दुसऱ्याच दाराला लावायला सांगणं. कार्ड फाडू नका. ‘होय’ खोडून त्यावर पूर्ण वाक्य लिहा: ‘आय नीड अ रिलिजस अकॉमोडेशन. आय प्रे ॲट वन-थर्टी. इट टेक्स टेन मिनिट्स.’ वेळ आणि मिनिटं आकड्यांत सांगितली की सुपरवायझरला विचार करायला वस्तू मिळते. नुसतं ‘आय वाँट प्रेयर’ म्हटलं की वाद सुरू होतो.

पगाराचा गट सगळ्यांत कच्चा. ‘वेजेस’, ‘सॅलरी’, ‘पे’, ‘पेचेक’ या चारही कार्डांच्या मागे एकच शब्द: ‘मुशहर’. आपल्या मुशाहिऱ्याचा हा सख्खा भाऊ. मूळ अरबी शब्दात महिना दडलेला आहे, महिन्याच्या महिन्याला मिळतो तो मुशाहिरा. पण इथला कामगार तासाने कमावतो आणि बहुतेकदा दोन आठवड्यांनी चेक घेतो. महिन्याचा हिशेब डोक्यात ठेवून तो चेक बघतो आणि कुठे काय कापलं ते लागत नाही. त्यापेक्षा एक खरी पावती घेऊन बसा आणि आकडेमोड करून दाखवा. तासाला 18 डॉलर, आठवड्याला 45 तास: 40 तासांचे 720, वरच्या 5 तासांचे दीडपट दराने, म्हणजे 27 प्रमाणे, 135. एकूण 855, हा ‘ग्रॉस’. यातून सोशल सिक्युरिटीचे (सरकारी निवृत्तिवेतन) 6.2 टक्के आणि मेडिकेअरचे (वृद्धांचा सरकारी आरोग्य विमा) 1.45 टक्के, मिळून 7.65 टक्के, म्हणजे सुमारे 65 डॉलर 41 सेंट. पावतीवर यालाच ‘फायका’ म्हणतात. मग आयकर. उरेल ते ‘नेट’.

याच जागी ‘ओव्हरटाइम’चं कार्ड वाढवून घ्या. केंद्रीय कायद्यात 40 तास दर आठवड्याला मोजतात. एका आठवड्यात 45 आणि पुढच्यात 35 झाले, तर ‘दोन आठवड्यांचे 80 झाले, जादा काही नाही’ हे उत्तर चुकीचं. पहिल्या आठवड्याचे 5 तास जादाच. शिकणाऱ्याला यासाठी एकच इंग्रजी तुकडा लागतो, ‘टाइम अँड अ हाफ’, आणि तो तीनशे कार्डांत कुठेही नाही.

‘सेफ’ हा शब्दही असाच फसवा. संचात त्याच्या मागे ‘अमान’, चित्रात हेल्मेट. मिनेसोटात 1 जानेवारी 2024 पासून ‘अर्न्ड सिक अँड सेफ टाइम’ नावाचा कायदा आहे: दर 30 तासांच्या कामामागे 1 तास पगारी रजा, वर्षाला 48 तासांपर्यंत. यातल्या ‘सेफ’चा हेल्मेटशी संबंध नाही, घरातल्या मारहाणीसारख्या कारणासाठी घ्यायची रजा तीत येते. आणि ‘सिक’मध्ये स्वतःच्या तापाबरोबर मुलाचा तापही धरतात. पावतीवर हे तास छापलेले असतील तर तिथे बोट ठेवून शब्द शिकवा, कार्डावरून नको.

सुरक्षेचा गट मात्र मनापासून आवडला. ‘डेंजर’, ‘वॉर्निंग’, ‘कॉशन’ या तीन पाट्या उतरत्या क्रमाने दिल्या आहेत, रंगांसकट: लाल, केशरी, पिवळी. मागे अनुक्रमे ‘खतर’, ‘दिग्नीन’, ‘तहद्दर’, तीन वेगळे शब्द. भल्याभल्या संचांत तिन्हींना एकच शब्द देतात आणि मग ‘डेंजर’ म्हणजे जीव जाईल आणि ‘कॉशन’ म्हणजे खरचटेल हा फरक पुसला जातो. ‘पिंच पॉइंट’चं चित्रही छान, दोन रुळांच्या मध्ये सापडलेलं बोट. ‘लॉकआउट-टॅगआउट’ला, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी यंत्र कुणी चालू करू नये म्हणून ते बंद करून ठेवण्याला, कुलूप आणि त्यावर लटकणारी चिठ्ठी दोन्ही दाखवली आहेत. उणीव एकच, पण मोठी. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा विभागाने, ओशाने, 2010 मध्ये स्पष्ट केलं आहे की सुरक्षेचं प्रशिक्षण कामगाराला समजेल अशा भाषेत आणि अशा शब्दांत द्यायलाच हवं. म्हणजे ‘कॅन आय हॅव दिस ट्रेनिंग इन सोमाली?’ हे वाक्य पहिल्या कार्डावर हवं. ते नाही. वेअरहाऊसवाल्यांसाठी अजून एक: ‘कोटा’. मिनेसोटाच्या 2023 च्या कायद्याने मोठ्या गोदामांना कामाचा कोटा लेखी द्यावा लागतो. ‘रेट’ आणि ‘कोटा’ दोन्ही शब्द हाताने लिहून संचात घाला.

आता क्रियापदं. संचात नामांचा सुळसुळाट आहे. झाडू, बादली, हातमोजे, शिडी. नाव माहीत नसलेली वस्तू माणूस बोटाने दाखवू शकतो. ‘कॉल इन’, म्हणजे आज येत नाही हे फोनवर कळवणं, बोटाने दाखवता येत नाही. ‘क्लॉक इन’, ‘क्लॉक आउट’, ‘फिल आउट’, ‘पिक अप अ शिफ्ट’, ‘कव्हर फॉर’, ‘रनिंग लेट’, ‘लेड ऑफ’, ‘लेट गो’, ‘राइट-अप’ यांपैकी संचात फक्त पहिले दोन आहेत. ‘लेड ऑफ’ आणि ‘फायर्ड’ हा फरक तर बेकारभत्त्याच्या अर्जात लागतो: काम संपलं म्हणून घरी बसवलं की चुकीसाठी काढलं. संचात ‘फायर’ला आगीचं चित्र आणि मागे ‘दब’, म्हणजे आग. बस.

आहे त्या संचातून काम काढायचं असेल तर असं करा. 3 बाय 5 इंचांची कोरी कार्डं घ्या, तीनशेतली साठ निवडा, ज्याचं काम जे आहे त्याप्रमाणे. वृद्धांची देखभाल करणाऱ्याला ‘पॅलेट’ नको, ‘गेट बेल्ट’ (रुग्णाला धरून उठवायचा, चालवायचा पट्टा) आणि ‘बेडपॅन’ हवं. मांसाच्या कारखान्यातल्याला ‘मेश ग्लव्ह’ आणि ‘ट्रिम’. पुढे चित्राऐवजी त्यांच्याच फोनवर काढलेला त्यांच्याच कामाच्या जागेचा फोटो, अर्थात तिथे फोटो काढायची परवानगी असेल तरच. मागे शब्द नाही, पूर्ण वाक्य. दिवसाला आठ कार्डं, त्यांतली पाच जुनी, तीन नवी. दहाच्या वर गेलं की रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या डोक्यात काहीच राहत नाही. मागच्या बाजूचं सोमाली दोन वेगळ्या माणसांकडून तपासून घ्या, एक मोगादिशूकडचा आणि एक उत्तरेकडचा. दोघांनी वेगळे शब्द सांगितले तर दोन्ही लिहा.

शेवटचं कार्ड आजारपणाच्या फोनचं, आणि ते संचात अजिबात नाही. ‘नो कॉल, नो शो’, म्हणजे न कळवता गैरहजर, हे नोकरी जाण्याचं फार वरचं कारण. फोन बहुधा यंत्र उचलतं, निरोप ठेवायचा असतो. नाव सांगितलं की झालं, असं शिकणाऱ्याला वाटतं. इथेच घात होतो. सोमाली नावात आडनाव नसतं. स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं अशी तीन नावं ओळीने, आणि फॉर्मवर ‘लास्ट नेम’मध्ये आजोबा जाऊन बसतात. मोहम्मद, अहमद, अली, हसन याच नावांच्या जुळण्या एका पाळीत दोन-तीनदा सापडतात. जन्मतारखेनेही सुटका नाही, कारण निर्वासितांच्या कागदांवर खरी तारीख नसेल तर 1 जानेवारी लिहिलेली असते, कित्येकांची. म्हणून बिल्ल्यावरचा नंबर सांगायला शिकवा, एकेक आकडा सुटा, ‘झिरो’ म्हणता आलं नाही तर ‘ओ’ चालतं. वाक्य एवढंच: ‘धिस इज’, मग तिन्ही नावं, ‘बॅज नंबर’, मग आकडे, ‘आय ॲम कॉलिंग इन सिक टुडे, सेकंड शिफ्ट’. हे कार्ड लॅमिनेट करून फोनच्या कव्हरमध्ये ठेवायला सांगा, आणि फोन केल्यावर वेळ त्याच्याच पाठीवर मार्करने लिहायला सांगा.